नाशिकची मोटार व शेतकऱ्याचा तेलाचा हिशेब

लासलगांव किंवा पिंपळगांव बसवंत येथील बाजार-आवारांत कांद्याच्या हंगामांत पाहिलें असतां बैलगाडी आतां क्वचितच दृष्टीस पडते. तिची जागा ट्रॅक्टरची ट्रॉली, पिकअप व टेम्पो यांनीं घेतली आहे. द्राक्षबागाइतदारास औषधें, क्रेट व मजूर नेण्यास मोटार लागते, आणि घरच्या माणसांना दवाखान्यांत वा मुलांना शाळेंत पोंचविण्यासही तीच लागते. सबब मोटार ही केवळ चैनीची वस्तु राहिली नसून नांगर, पंप व फवारणीचें यंत्र यांच्या पंक्तीस ती येऊन बसली आहे. अवजाराची परीक्षा आपण त्याच्या कामावरून व खर्चावरून करतों. मोटारीची मात्र पुष्कळदां तिच्या रंगावरून व शेजाऱ्याच्या दारावरून होते. नवीं वाहनें व कमी इंधनांत चालणारे नमुने यांविषयीं सध्यां बरेंच बोललें जात आहे. त्यांतील शेतकऱ्याच्या उपयोगाचें किती, हें पाहण्याचा आमचा हेतु आहे.

या विषयांत नाशिककरांस विशेष आस्था असावी असें कारणही आहे. महिंद्रा अँड महिंद्रा ही कंपनी 1945 सालीं 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नांवानें निघाली. भागीदारांपैकीं गुलाम मोहम्मद हे फाळणीनंतर पाकिस्तानांत जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 सालीं कंपनीस सध्यांचें नांव मिळालें. विलीस जीपचे भाग आणून त्या येथें जुळविणें हें तिच्या आरंभींच्या कामांपैकीं एक होतें. ट्रॅक्टरच्या धंद्यांत ती 1963 सालीं उतरली. नाशकास सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत तिचा मोटारीचा कारखाना 1981 सालीं उभा राहिला. इगतपुरीस एंजिनें तयार होतात. 2000 सालची बोलेरो व 2002 सालची स्कॉर्पिओ या गाड्यांनीं नाशिकचें नांव देशभर नेलें. 2007 सालीं फ्रान्सच्या रेनॉ कंपनीच्या भागीदारींत लोगन ही गाडी येथेंच निघूं लागली. 3 सप्टेंबर 2018 रोजीं मराझो ही गाडी नाशकांतच प्रथम लोकांपुढें आली. 2019 ची एक्सयूव्ही 300 व तिच्या जागीं एप्रिल 2024 मध्यें आलेली एक्सयूव्ही 3एक्सओ याही नाशिकच्याच होत. म्हणजे आपल्या दारांतील मोटार कित्येकदां आपल्याच जिल्ह्यांतील हातांनीं घडलेली असते.

आतां इंधन कमी लागतें म्हणजे काय, तें पाहूं. टाकींत घातलेल्या पेट्रोलच्या शक्तीपैकीं चाकांपर्यंत पोंचतो तो भाग साधारणपणें चतुर्थांशाच्या आसपास असतो. बाकीची बहुतेक शक्ति उष्णतेच्या रूपानें धुराड्यांतून व पाण्याच्या टाकींतून निघून जाते. पाटाचें पाणी वाफ्यांत पोंचण्यापूर्वींच वाटेंत मुरावें, तसाच हा प्रकार आहे. जें पोंचतें त्यांतील कांहीं गाडीचें वजन ओढण्यांत, कांहीं ब्रेक लावतांना, व कांहीं वाऱ्याशीं झगडण्यांत खर्च होतें. वेग दुप्पट केला कीं वाऱ्याचा विरोध चौपट होतो. म्हणून महामार्गावर ताशीं 100 किलोमीटरनें जाणारी गाडी 70 नें जाणाऱ्या गाडीपेक्षां अधिक तेल पिते, यांत नवल नाहीं.

हा अपव्यय कमी करण्याचे उपाय तीन-चारच आहेत. पहिला, एंजिन लहान करून हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या साह्यानें त्याजकडून मोठ्या एंजिनाचें काम घेणें; 3एक्सओ गाडींतील 1.2 लिटरचें तीन नळकांड्यांचें पेट्रोल एंजिन याच तत्त्वावर आहे. दुसरा, गाडी थांबली कीं एंजिन आपोआप बंद व्हावें अशी योजना करणें. तिसरा, ब्रेक लावतांना वायां जाणारी शक्ति विजेच्या रूपानें सांठविणें. या दोन योजना याच कंपनीनें 2016 सालीं स्कॉर्पिओंत 'इंटेलि-हायब्रिड' या नांवानें एकत्र बसविल्या, व त्यामुळें इंधनांत 7 टक्क्यांपर्यंत बचत होते असें तिचें म्हणणें होतें. चौथा उपाय म्हणजे एंजिनच काढून टाकून विजेची मोटर बसविणें.

जाहिरातींतील आंकडा कसा वाचावा हें मात्र प्रत्येकानें समजून घेतलें पाहिजे. 3एक्सओच्या वरील एंजिनास हातानें गिअर बदलण्याच्या गाडींत लिटरला 18.89 किलोमीटर असा अधिकृत आंकडा देण्यांत आला होता. असे आंकडे ठराविक चाचणींतून निघतात. तेथें गाडी रस्त्यावर धांवत नाहीं. रुळांवर जागच्या जागीं फिरते, आणि तिचा वेग आधींच आंखून दिलेला असतो. तेथें चांदवडचा घाट नसतो, पावसांतील पांदी नसते, पाठीमागें दहा क्रेट व आंत सहा माणसें नसतात. चाचणी खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. दोन गाड्यांची परस्पर तुलना करण्यास ती उत्तम आहे. परंतु घरचें अंदाजपत्रक तिच्यावर बांधणें धोक्याचें आहे.

उदाहरणार्थ, वर्षास 15,000 किलोमीटर फिरणें होतें व पेट्रोलचा दर लिटरला 105 रुपये आहे असें धरूं. 18.89 च्या हिशेबानें 794 लिटर पेट्रोल पुरेल. प्रत्यक्षांत आपल्या रस्त्यांवर गाडीनें 14 च दिले, तर 1,071 लिटर लागेल. फरक 277 लिटरांचा, म्हणजे सुमारें 29 हजार रुपयांचा झाला. हा खड्डा कोणत्याही जाहिरातींत दिसत नाहीं, पण वर्षाखेर घरांत दिसतो. खरा आंकडा काढण्याची रीत सोपी आहे. टाकी तोंडापर्यंत भरावी, किलोमीटर लिहून ठेवावे, नेहमींच्या कामावर गाडी चालवावी व पुन्हां तोंडापर्यंत भरतांना किती लिटर बसलें तें पहावें. असें तीन वेळां करून सरासरी काढावी. गांवांत तीच गाडी वापरणाऱ्या मालकाकडून हा आंकडा विकत घेण्यापूर्वींच मिळवितां आला तर फारच उत्तम.

आतां नमुन्याच्या गाड्यांविषयीं. 15 ऑगस्ट 2022 रोजीं या कंपनीनें इंग्लंडमध्यें विजेवर चालणाऱ्या पांच गाड्यांचे नमुने दाखविले. त्यांतून पुढें आलेल्या दोन गाड्या 26 नोव्हेंबर 2024 रोजीं बाजारासाठीं जाहीर झाल्या. त्या पुणें जिल्ह्यांतील चाकण येथें तयार होऊं लागल्या. नंतर 15 ऑगस्ट 2025 रोजीं मुंबईंत 'व्हिजन' या नांवानें आणखी चार नमुने मांडण्यांत आले. हे चारही एकाच सांगाड्यावर बेतलेले असून त्या सांगाड्यांत निरनिराळ्या प्रकारचीं चालकयंत्रें बसवितां यावींत अशी कल्पना आहे. त्यांपैकीं 'व्हिजन एसएक्सटी' हा नमुना मागें उघडा हौदा असलेला आहे, म्हणून शेतकऱ्याची नजर त्याजकडे प्रथम जाईल. पण प्रदर्शनांत बक्षीस मिळविणारा कांदा व एकरीं निघणारें पीक यांत जें अंतर असतें, तेंच नमुना व विक्रीची गाडी यांत असतें. नमुना पाहून आनंद मानावा. त्याच्या भरंवशावर चालती गाडी विकूं नये.

विजेच्या गाडीचा हिशेबही शांतपणें करावा. एका युनिटांत 5 किलोमीटर चाल व युनिटास 10 रुपये दर धरल्यास किलोमीटरला 2 रुपये पडतात. वरील पेट्रोलच्या गाडीस साडेसात रुपये पडतात. 15,000 किलोमीटरवर वर्षास सुमारें 82 हजार रुपये वांचले. हें मोठें आकर्षण आहे, यांत शंका नाहीं. परंतु 2024 सालीं जाहीर झालेल्या विजेच्या दोन गाड्यांपैकीं स्वस्त गाडीची आरंभींची किंमत 18.90 लाख रुपये होती, आणि त्याच वर्षीं आलेल्या 3एक्सओची 7.49 लाख होती. दोन्हींचा दर्जा एक नव्हे, हें खरें. पण ज्यास केवळ फिरण्याचें काम आहे, त्यास किंमतींतील हा फरक तेलाच्या बचतींतून भरून काढण्यास चवदा वर्षें लागतील. शिवाय कर्जाचें व्याज निराळेंच. गाडी रात्रभर लावून ठेवण्यास घरीं भरंवशाची वीज हवी. शेतीपंपाच्या सवलतीच्या जोडणीवरून गाडी चार्ज करणें कायद्यानें अनधिकृत वापर ठरतो, हेंही ध्यानांत ठेवावें. ज्याच्या छपरावर सौर तावदानें आहेत व ज्याचें रोजचें फिरणें ठराविक आहे, त्यास मात्र हा हिशेब लवकर जमेल.

आणखी एक इंधन असें आहे कीं, त्यांत शेतकरी केवळ गिऱ्हाईक नसून उत्पादकही आहे. तें म्हणजे ऊस व मका यांपासून होणारें इथेनॉल. पेट्रोलमध्यें 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचें सरकारचें उद्दिष्ट 2025 सालीं गांठलें गेलें. 29 ऑगस्ट 2023 रोजीं दिल्लींत टोयोटा कंपनीच्या इनोव्हा गाडीचा असा एक नमुनाही दाखविण्यांत आला कीं, तो इथेनॉलच्या अधिक प्रमाणावर व विजेवर मिळून चालतो. येवला व मालेगांव भागांतील मका उत्पादकांस या मागणीचें महत्त्व सांगावयास नको. तथापि एका लिटर इथेनॉलांत पेट्रोलपेक्षां सुमारें एकतृतीयांश शक्ति कमी असते. म्हणून 20 टक्के मिश्रणांत सुमारें 6 ते 7 टक्के शक्ति कमी येते. त्या मिश्रणासाठींच बनविलेलें एंजिन ही तूट अंशतः भरून काढतें. जुन्या गाडीच्या मालकानें गाडीची पुस्तिका पाहून तिचे रबरी भाग या मिश्रणास टिकणारे आहेत कीं नाहींत, याची खात्री करून घ्यावी.

तेलाच्या हिशेबापेक्षांही महत्त्वाची गोष्ट हप्त्याची आहे. हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो. कांद्याचा पैसा मात्र हंगामाला येतो, आणि किती येईल हें आपल्या हातीं नसतें. 8 डिसेंबर 2023 रोजीं कांद्याची निर्यात बंद झाली ती 4 मे 2024 पर्यंत बंदच होती. बंदी येतांच भाव कोसळले; हप्ता मात्र एक रुपयानेंही कमी झाला नाहीं. म्हणून एका वाईट हंगामाचे हप्ते हाताशीं असल्याखेरीज मोटारीचें कर्ज काढूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्याची गाडी वर्षांतून केवळ हंगामापुरतीच माल वाहते, त्यानें भाड्याचा आंकडा व मालकीचा आंकडा शेजारीं शेजारीं मांडून पहावा. तीन-चार बागाइतदारांनीं मिळून एक पिकअप ठेवणें, किंवा सोसायटीनें मालाच्या गाड्या चालविणें, हा मार्ग पुष्कळ ठिकाणीं अधिक किफायतीचा ठरेल.

आमच्या मुलांविषयींही दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. सातपूर, अंबड व इगतपुरी येथील कारखाने व त्यांस भाग पुरविणाऱ्या लहान कार्यशाळा यांवर जिल्ह्यांतील कितीतरी शेतकरी कुटुंबें पोसलीं जातात. धाकट्या भावाच्या पगारावर थोरल्याची द्राक्षबाग उभी राहिल्याचीं उदाहरणें गांवोगांव आहेत. विजेच्या मोटरींत फिरते भाग एंजिनापेक्षां फारच थोडे असतात. तेव्हां एंजिनाचे भाग करणाऱ्या हातांस उद्यां कोणतें काम मिळणार, हा प्रश्न नाशकानें आजच विचारला पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत मुलास घालणाऱ्या पालकानें एंजिनाबरोबर बॅटरी व विजेच्या मोटरीचें शिक्षण तेथें मिळतें कीं नाहीं, याची चौकशी करावी, व मिळत नसल्यास तशी मागणी करावी.

सारांश, नवी गाडी घेण्यापूर्वीं चार गोष्टी कागदावर मांडाव्यात: वर्षाचें फिरणें, गांवच्या रस्त्यावरील खरा तेलाचा आंकडा, व्याजासह पुरी किंमत, आणि वाईट हंगामांत हप्ता कोठून द्यावयाचा त्याची जागा. या चारींचीं उत्तरें समाधानकारक आलीं तर गाडी जरूर घ्यावी. ज्या सभासदांनीं आपल्या वाहनाचा वर्षाचा हिशेब ठेविला असेल, त्यांनीं तो सोसायटीच्या बैठकींत वाचून दाखवावा, म्हणजे इतरांस त्याचा उपयोग होईल, अशी सूचना करून हा लेख येथें पुरा करतों.