पावसाआधी गटार मोकळं करा

मृगाच्या सरी कोसळल्या की अंगणातलं गटार तुंबतं. पण पालापाचोळा, माती आणि खरकट्यातलं तेल त्यात वर्षभर साचतच असतं. म्हणून मे महिन्यातच गाळ उपसा, तोंडाला जाळी बसवा आणि चार इंची पाइपाला दर 40 फुटांना साधारण 1 फूट उतार आहे का, ते पाहा.

तुंबलंच, तर आधी चेंबरची झाकणं उघडा. वरचं चेंबर भरलेलं आणि खालचं कोरडं असेल, तर अडथळा त्या दोहोंच्या मधे आहे. तिथे बांबूची लांब कामटी सारा, मग पाण्याचा जोरदार फवारा मारा. सेप्टिक टँकमध्ये मात्र कोणालाही उतरवू नका. तिथला विषारी वायू काही क्षणांत जीव घेऊ शकतो.