भंडाऱ्याहून न्यूयॉर्कची सरळ वाट दिल्लीवरून

भंडाऱ्याहून अमेरिकेला निघालेल्या माणसाचे पहिले ६०-६५ किलोमीटर रस्त्यानेच संपतात. तिथून पुढे, नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर आहे. हा आकडा कसा निघतो ते कळले, तर तिकीट काढताना कुठून जावे हेही कळते.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. दिसते सरळ, पण त्या वाटेने १४,६०० किलोमीटर भरतात. मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांच्या सोयीसाठी केलेल्या नकाशात गोल पृथ्वी कागदावर ताणून बसवली आहे, त्याचा हा परिणाम. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो पंजाबवरून ताजिकिस्तान, कझाकस्तान, रशिया असा वर सरकतो, आर्क्टिक वृत्त ओलांडून स्वीडन-नॉर्वेच्या उत्तर भागावरून जातो आणि ग्रीनलँडवरून कॅनडात उतरतो. सर्वांत कमी अंतर हेच.

गोलावरच्या अंशांचे किलोमीटर करायला पृथ्वीचा आकार आधी नेमका मोजावा लागला. त्या मोजणीशी विदर्भाचे जवळचे नाते आहे. विल्यम लॅम्बटन यांनी त्या मोजणीसाठी १८०२ मध्ये मद्रासला सुरू केलेले सर्वेक्षण उत्तरेकडे सरकत असताना १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी तिथेच आहे. आपल्या शाळांच्या सहली तिकडे वळायला हव्यात, असे मला मनापासून वाटते.

आता व्यवहाराचे. नागपूरहून मुंबईमार्गे न्यूयॉर्कला गेल्यास सरळ वाटेपेक्षा सुमारे ६०० किलोमीटर जास्त पडतात, दोहामार्गे हजारभर. दिल्लीमार्गे मात्र वीसही नाहीत, कारण दिल्ली जवळजवळ त्या ताणलेल्या दोऱ्यावरच आहे. मुंबई म्हणजे परदेशाचे दार, ही आपली जुनी समजूत अमेरिकेपुरती तरी अंतराच्या हिशेबात टिकत नाही.

अर्थात विमान केवळ भूमितीवर उडत नाही. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना लागतो त्यापेक्षा येताना कमी वेळ लागतो. सीमा त्याहून कठोर. युक्रेनवरील हल्ल्यानंतर अमेरिकी विमानांना रशियाचे आकाश बंद झाले आणि मार्च २०२२ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून मुंबईला येणारी आपली सेवा थांबवली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून निघालेल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. उत्तर अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमाने इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरू लागली, आणि दिल्लीमार्गे वाचणारे किलोमीटर त्या वळशातच खर्ची पडले.