महाबळेश्वरात जेवू नका, चरा

महाबळेश्वरात जेवायला चांगलं हॉटेल कोणतं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ऐकून माणसं हिरमुसतात. राहायला कुठलंही निवडा, खायला मात्र बाहेर पडा. या डोंगराचं खरं खाणं ताटात वाढून येत नाही. ते टोपलीत, द्रोणात, कागदाच्या पुडीत नाहीतर उंच काचेच्या ग्लासात मिळतं आणि बहुतेक वेळा उभ्याउभ्याच संपतं.

याला कारण आहे. हे गाव पाहुण्यांसाठीच वसलं. १८२९ साली गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात हा डोंगर मिळवला आणि माल्कमपेठ उभी राहिली. साहेब आले, मागोमाग मुंबईचे पारशी आणि गुजराती शेठ आले आणि प्रत्येकाने येताना आपापली चूल आणली. बाजारपेठेत आजही ते दिसतं. गुजराती थाळी, कांदालसूण नसलेलं जैन जेवण, पंजाबी रस्से, एखाद्या जुन्या पारशी वळणाच्या हॉटेलात अकुरी आणि धानसाक. यातलं काही वाईट नाही. धानसाक तर जरूर खावं. पण थाळीसाठी पसरणीचा घाट चढायची गरज नाही, ती पुण्यातही तशीच मिळते. आणि हंगामाच्या गर्दीत, बाहेर पाटीवर नाव लिहून तासभर ताटकळल्यावर समोर येणारं पनीर कुणाच्याच चुलीवरचं नसतं.

डोंगरात पिकणारं बरंचसंही बाहेरूनच आलं, पण ते इथल्या मातीत रुजलं. एकोणिसाव्या शतकात इथे एक तुरुंग होता, त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. १८६४ मध्ये तो बंद झाला. या कैद्यांनी बटाटा आणि विलायती भाज्या लावायचं तंत्र इथल्या लोकांना दिलं, अशी नोंद आहे. हिवाळ्यात रस्त्याकडेला लाल मुळ्याच्या जुड्या आणि पाल्यासकट गाजरं मांडलेली दिसतात ना, तिथे गाडी थांबवा. मुळा धुऊन, मीठ लावून जागच्या जागी खाल्ला तर तोंडात पाणी आणि डोळ्यांत थोडा झणझणीतपणा एकदमच येतो.

आणि अर्थात स्ट्रॉबेरी. तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि देशातलं बहुतांश पीक याच पट्ट्यातलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात लाल मातीच्या गादीवाफ्यांवर रोपं लावतात, ठिबक जोडतात, मल्चिंगचा कागद अंथरतात. नोव्हेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत तोडा चालतो. पहाटेच्या गारव्यात बायका वाकून फळ देठासकट खुडतात, चिमटीत दाबत नाहीत, कारण बोटाचा डाग दुपारपर्यंत काळा पडतो.

स्ट्रॉबेरी खायला इथेच यायचं, ते का? आंबा अढीत पिकतो, तशी ही तोडल्यावर पिकत नाही. लाल होते, मऊ पडते, पण गोडी वाढत नाही. त्यामुळे मुंबईच्या बाजारासाठी फळ खांद्याकडे पांढरं असतानाच तोडावं लागतं. रोपावरच पुरतं पिकलेलं फळ प्रवास सोसत नाही. ते एकतर कारखान्यात जातं, नाहीतर तुमच्या तोंडात. भिलारच्या रस्त्याला लागलात तर शेताच्या बांधावरच फळं विकायला असतात. डबी उचलण्याआधी वरचा थर बाजूला करून तळ बघा. आणि जात विचारा. स्वीट चार्ली लवकर येते, मऊ आणि गोड. कॅमारोसा टणक, घरी न्यायला बरी. दोन्हीतला फरक विक्रेता सांगेलच, नाही सांगितला तर पुढच्या टपरीवर जा. (भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचं गावही आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. फक्त लाल बोटांनी पानं उलटू नका.)

कारखान्यात जाणाऱ्या फळाचंही इथे एक घराणं तयार झालं. १९५९ साली पाचगणीत किशोर व्होरा या फार्मासिस्टने जॅम बनवायला सुरुवात केली. ‘महाबळेश्वर प्रॉडक्ट्स’चं लघुरूप म्हणजे मॅप्रो. गुरेघरच्या मॅप्रो गार्डनमध्ये आता इतकी गर्दी असते की सुटीच्या दिवशी घाटातली वाहतूक तिथेच अडते. सिरप-क्रशचे नमुने फुकट चाखायला मिळतात, आणि सहलीला आलेलं अख्खं कुटुंब त्यावर नाश्ता उरकताना पाहणं ही वेगळीच करमणूक.

स्ट्रॉबेरी क्रीम मात्र लक्ष देऊन मागवावी. उंच ग्लासात तळाशी फळाच्या फोडी, त्यावर घुसळलेली साय, पुन्हा फोडी, पुन्हा साय, वर आइस्क्रीमचा गोळा आणि एक अख्खं फळ. चांगला माणूस फळ तुमच्यासमोर कापतो. आळशी माणूस तळाशी दोन बोटं क्रश ओततो, ग्लास लालभडक दिसतो आणि साखरेपलीकडे काही लागत नाही. ‘क्रश नको, फळ वाढवा’ एवढं म्हणायची लाज बाळगू नये. आंबट फळ आणि गोड साय यांचं भांडण चमच्यात व्हायला हवं, क्रश ते मिटवून टाकतो. एप्रिलमध्ये हंगाम सरत आला की तुतीची क्रीम मिळते. मला विचाराल तर तीच सरस. फळ लहान, जांभळं, नाजूक, आणि शहरात ती फारशी पोचत नाही.

वेण्णा तलावाकाठी संध्याकाळी गार वारा सुटला की निखाऱ्यावरचं कणीस आणि मक्याचे पॅटिस. पॅटिसात दाणा दाताखाली यायलाच हवा, नुसता बटाटा लागला तर फसलात. बाजारात भाजक्या चण्यांच्या राशी असतात, मसाल्याचे, लसणाचे, पुदिन्याचे. मी साधे खारे घेतो. पुडी गरम असेपर्यंतच त्यांना अर्थ आहे.

मधाबद्दल दोन शब्द जास्त. इथल्या जंगलात सातेरी माशी पाळून मध काढण्याची जुनी परंपरा आहे आणि जवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. मध घेताना ‘शुद्ध आहे का’ विचारून काही हाती लागत नाही, सगळे हो म्हणतात. ‘कुठल्या फुलाचा’ विचारा. उन्हाळ्यातला जांभळाचा मध गडद, मागे किंचित कडवट रेंगाळणारा. हिरड्याचा आणि गेळ्याचा वेगळा. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिक फुलते, त्यामुळे तिचा दाट मध दर वर्षी विकणाऱ्याकडे संशयाने पाहावं. थंडीत बाटलीत मध साखरेसारखा बसला म्हणून परत करायला जाऊ नका, खरा मधही तसा बसतोच.

पोटभर जेवायचंच असेल तर आंबेनळी घाटाने प्रतापगडाकडे उतरा. गडाखाली घराघरांतून भाकरी, झुणका, ठेचा आणि ताक मिळतं. भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, आणि दुसरी घ्या म्हणून आग्रह होतो. दिवसभर चरलेल्या पोटातही ती जाते.

जूनमध्ये हे सगळं आवरतं. वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या गावात बरीच दुकानं फळ्या लावून बंद होतात. उघडी राहतात त्यांच्याकडे गवती चहा आणि कांदाभजी असते, आणि धुक्यात समोरचं टेबलसुद्धा दिसत नसताना त्याहून जास्त काही लागत नाही. स्ट्रॉबेरीवाले शेतकरी तेव्हा खाली वाईकडच्या रोपवाटिकांत गुंतलेले असतात. परदेशातून आणलेल्या मातृरोपांचे धुमारे वाढवायचे, सप्टेंबरात वर न्यायचे. तेव्हा कुणी ताजी स्ट्रॉबेरी म्हणून डबी पुढे केली, तर ती न घेता चहा घ्यावा.