तरणा, म्हातारा, सासू, सुना

पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तो तरणा आणि पुष्याचा तो म्हातारा. सूर्य साधारण ५-६ जुलैला पुनर्वसूत येतो, तेरा-चौदा दिवसांनी पुष्यात शिरतो आणि ऑगस्टच्या २-३ तारखेपर्यंत तिथे असतो. मृग, आर्द्रा मागे झालीच. या आठवड्यात पाळी नक्षत्रांच्या वाहनांची होती, पण बेडूक, म्हैस आणि हत्ती यांना थोडे थांबावे लागेल. विरारच्या फुलपाड्यातल्या एका वाचकाचा प्रश्न त्यांच्याआधी घ्यावा असा आहे : २६ जुलैचा पाऊस तरणा की म्हातारा?

म्हातारा. २६ जुलै २००५ रोजी सूर्य पुष्यात होता. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. आता म्हाताऱ्याच्या अंगात एवढा जोर कुठला, असे कोणीही विचारील. पण ही नावे ठेवली ती पावसाची चाल पाहून. किती पडेल आणि कुठे पडेल, याचा हवाला त्यांत कुणी दिलेला नाही.

ती चाल फुलपाड्यात नीट दिसते. तरणा पाऊस जीवदानीच्या डोंगरावरून धावत येतो. पत्रे ताडताड वाजतात, रस्त्याकडेचे गटार दहा मिनिटांत तुडुंब होते आणि छत्री उघडेपर्यंत सर पुढे गेलेली असते. ऊन पडते न पडते तोच दुसरी येते. भाताच्या लावणीला हाच पाऊस लागतो, कारण चिखलणीला वाफ्यात पाणी उभे हवे. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या अडकल्या, तो १० जुलै २०१८ चा पाऊस तरणाच.

म्हातारा येऊन बसतो. दोन-दोन दिवस ढग डोंगर सोडत नाही, वरचे देऊळ दिसेनासे होते. सरींचा आवाज नसतो, एकसारखी झिरझिर चालते. दोरीवरचे कपडे पंख्याखाली येतात, काडेपेटी सर्दावते, भिंतीवर ओलीचा डाग वर चढत जातो. पापडखिंडच्या धरणात पाणी वाढते ते असे, गाजावाजा न करता. मुरवण्याच्या कामात तरण्यापेक्षा म्हाताराच सरस.

आश्लेषाचा पाऊस आसळकाचा. तो ओलांडला की ऑगस्टच्या मध्यावर मघा लागते आणि घरातली माणसे बदलतात. मघाचा पाऊस सासूचा, पूर्वाचा सुनांचा. ऊन आणि सर यांची आलटून-पालटून चाललेली कुरबुर ज्यांनी उंबऱ्यातून पाहिली, त्यांनीच ही नावे दिली असावीत. त्यांत बाईमाणसाचे निरीक्षण उघड दिसते. मुंबईला पुन्हा बुडवणारा २९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस सासूच्या वाट्याचा. सुनांच्या पावसात बहुधा गौरी येतात, म्हणजे माहेरवाशीण आणि सून एकाच पंधरवड्यात भिजतात.

उत्तरा लागली की नाती संपतात. तो नुसता रब्बीचा पाऊस. त्यानंतरच्या हस्त नक्षत्राचे नाव हातावरून आलेले, पण लोकांनी त्याचा हत्ती केला. म्हणून भोंडल्याच्या पाटावर हत्ती काढतात आणि मुली त्याच्याभोवती फेर धरतात. वाहनांमधला हत्ती मात्र वेगळा. तो कोणत्याही नक्षत्राला मिळू शकतो : सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नऊने भागायचे आणि बाकी शून्य उरली, की वाहन हत्ती.