लहान मोटारीचा श्वास

मोटारीला पेट्रोल लागते हे सर्वांना ठाऊक असते, कारण त्याचे पैसे मोजावे लागतात. तिला हवाही लागते, आणि ती पेट्रोलाच्या कित्येक पट लागते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कारण हवा फुकट मिळते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे पंधरा किलो हवा खर्ची पडते. म्हणजे एका लिटर पेट्रोलामागे अकरा किलो हवा आली, आणि तिचे आकारमान नऊ-दहा हजार लिटर भरते. ही हवा फुकट असली, तरी ती आत ओढून घेण्याचे श्रम फुकट नसतात. ते श्रम इंजिन करते आणि त्याची किंमत शेवटी पेट्रोलातच चुकती होते. हे श्रम कमी कसे करावेत, हा लहान मोटारी बनविणाऱ्यांपुढील जुनाच प्रश्न होय.

भोपाळसारख्या शहरात या प्रश्नाची दोन्ही अंगे एकाच मोटारीला भोगावी लागतात. आठवड्याचे पाच-सहा दिवस ती हमीदिया रस्त्यावरच्या गर्दीत रांगत असते, चौकाच्या तोंडाशी थांबत असते, श्यामला टेकडीचा चढ चढत असते. तेथे इंजिनाचे मिनिटाला हजार-दीड हजार फेरे होतात. सुटीच्या दिवशी तीच मोटार कुटुंबाला घेऊन सीहोर, आष्टा, देवास या वाटेने इंदूरच्या नातलगांकडे निघते. या सुमारे एकशे नव्वद किलोमीटरांच्या प्रवासात फेरे तीन हजारांच्या घरात राहतात, आणि एखादा ट्रक ओलांडताना त्याहून बरेच वर जातात. गर्दीत हळू आणि अगदी थोडा श्वास घ्यायचा, मोकळ्या रस्त्यावर जलद आणि खोल घ्यायचा, अशी दोन परस्परविरोधी कामे एकाच छातीने करावयाची असतात.

हवा आत घेणारी झडप किती वेळ उघडी असते याचा विचार केला म्हणजे अडचण ध्यानात येते. तीन हजार फेऱ्यांना दट्ट्याची एक खेप सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरी होते. सहा हजारांना त्याच्याही निम्म्यात. जलद चालीत नळीतून धावत आलेल्या हवेला वेग असतो. दट्ट्या खालच्या टोकाला पोहोचून परत फिरू लागला तरी ती आत घुसतच राहते, म्हणून अशा वेळी झडप थोडी उशिरा मिटलेली बरी. मंद चालीत हवेला तेवढा जोर नसतो, आणि चढावर पूर्ण ताकद हवी असताना झडप उशिरा मिटली तर आत आलेली हवा उलटी बाहेर ढकलली जाते. झडपा उघडण्या-मिटण्याच्या वेळा कॅमशाफ्टच्या उंचवट्यांनी ठरतात, आणि हे उंचवटे पोलादात एकदाच घडवलेले असतात. त्यामुळे जुन्या इंजिनांत मधली एखादी वेळ पक्की करून टाकण्यावाचून गत्यंतर नसे. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे ७९६ घन सेंटिमीटरांचे इंजिन अशाच तडजोडीचे होते. ती तडजोड प्रामाणिक होती आणि तिने असंख्य घरांची सेवा केली, हेही सांगितले पाहिजे.

हवा ज्या नळीतून येते तिच्या लांबीचाही असाच पेच असतो. झडप उघडता-मिटता नळीतील हवेत दाबाच्या लाटा उठतात, त्या उघड्या टोकापर्यंत जाऊन परत येतात. परतणारी लाट झडप मिटण्याच्या सुमारास पोहोचली, तर ती जाता जाता मूठभर हवा अधिक लोटून देते. लांब बासरीचा स्वर खालचा आणि आखूड बासरीचा वरचा असतो. त्याचप्रमाणे लांब नळी मंद फेऱ्यांना साथ देते, तर आखूड नळी जलद फेऱ्यांना. १९६० साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या एका मोटारीस जवळजवळ तीस इंच लांबीच्या नळ्या बसवल्या होत्या, त्या याच हिशोबाने. पुढे मॅनिफोल्डमध्ये एक पडदा बसवून मंद चालीत हवेला लांबचा आणि जलद चालीत जवळचा मार्ग देण्याची युक्ती निघाली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नळीची लांबी बदलल्याने पेट्रोल थेट वाचते, अशी जाहिरातींवरून समजूत होते. खरे पाहता या युक्तीने मिळते ती मंद फेऱ्यांतील ताकद. त्या ताकदीमुळे मोठ्या इंजिनाचे काम लहान इंजिनाकडून करून घेता येते, आणि वरचा गिअर लवकर टाकूनही गाडी कुरकुरत नाही. बचत होते ती या दोन वाटांनी. जो चालक सबंध बाजार दुसऱ्या गिअरमध्येच पार करतो, त्याला या नळीचा लाभ होत नाही.

थेट बचत होते ती झडपांच्या बाबतीत, आणि तिचे कारण पिचकारीने समजावून घेता येते. पिचकारीच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या ओढला तर हात दुखतो, आणि पाणी तर फारसे येत नाही. पेट्रोल इंजिनात हे बोट म्हणजे थ्रॉटलची चकती. गर्दीत ताकद थोडीच हवी असते, म्हणून ही चकती जवळजवळ मिटलेली असते आणि दट्ट्याला प्रत्येक खेपेस अर्धवट निर्वात पोकळीविरुद्ध ओढावे लागते. शहरात पेट्रोल अधिक का जळते याचे हे एक मोठे कारण आहे. (भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच असल्यामुळे येथील हवा पाचेक टक्क्यांनी विरळ आहे. तेवढीच चकती अधिक उघडावी लागते आणि हा अपव्यय किंचित घटतो; मात्र चढावरची ताकदही त्याच प्रमाणात घटते.)

यावरचा तोडगा असा की, चकती बरीच उघडी ठेवावी, दट्ट्याला मोकळेपणाने हवा घेऊ द्यावी, आणि झडप मुद्दाम उशिरा मिटवून नको असलेली हवा परत नळीत जाऊ द्यावी. जी गोष्ट पूर्ण ताकदीच्या वेळी दोष ठरते, तीच थोड्या ताकदीच्या वेळी गुण ठरते. दाबण्यापेक्षा प्रसरण अधिक काळ चालावे, ही कल्पना जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८२ साली दांड्यांच्या गुंतागुंतीच्या रचनेने साधली होती. आज ते काम झडपेची वेळ बदलून होते. कॅमशाफ्टच्या टोकाशी असलेले चक्र तेलाच्या दाबाने काही अंश पुढे-मागे फिरते आणि संगणक प्रत्येक क्षणी योग्य वेळ निवडतो. विक्रीच्या मोटारीत अशी बदलती वेळ प्रथम १९८० साली इटलीच्या अल्फा रोमिओने आणली.

भोपाळकरांना हे तत्त्व अगदीच परके नाही. १९५६ साली स्थापन झालेल्या आणि पुढे भेलमध्ये विलीन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या येथील कारखान्यात जलविद्युत टर्बाइने तयार होत आली आहेत. स्थिर पात्यांचे टर्बाइन एका ठरावीक प्रवाहाला उत्तम चालते, परंतु पाणी कमी झाले की त्याची कार्यक्षमता घसरते. कॅप्लान टर्बाइनची पाती मात्र प्रवाह पाहून आपला कोन बदलतात, म्हणून थोड्या पाण्यावरही ते नेटाने काम देते. लहान मोटारीच्या झडपांनी उचलला तो हाच धडा.

आता लाभाचा हिशोब. केवळ झडपांच्या बदलत्या वेळांमुळे साधारणतः दोन ते पाच टक्के पेट्रोल वाचते, असे मानण्यास हरकत नाही. २०२० साली मारुतीच्या डिझायर मोटारीस आत व बाहेरच्या दोन्ही झडपांच्या वेळा बदलणारे ११९७ घन सेंटिमीटरांचे नवे इंजिन मिळाले. तेव्हा तिचा प्रमाणित आकडा लिटरला २१.२१ किलोमीटरांवरून २३.२६ वर गेला. परंतु त्याच वेळी दुहेरी इंजेक्टर आणि सिग्नलला आपोआप इंजिन बंद होण्याची सोयही आली होती. तेव्हा सर्व श्रेय झडपांना देणे अन्यायाचे होईल. शिवाय प्रमाणित आकडा प्रयोगशाळेतला असतो, हमीदिया रस्त्यावरचा नव्हे. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणारी आणि लिटरला अठरा किलोमीटर देणारी मोटार साडेपाचशे लिटरांवर पेट्रोल पिते. त्यात चार टक्के वाचले तर बावीस लिटर झाले. भोपाळात २०२१ साली पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या पुढे गेले. त्या भावाने ही रक्कम दोन हजारांच्या वर जाते, म्हणजे मोठी नाही आणि टाकून देण्यासारखीही नाही.

ही बचत टिकते की नाही हे मात्र पुष्कळसे तेलावर ठरते. झडपांचे चक्र फिरविणारे तेल इंजिनाचेच असते आणि ते अतिशय बारीक छिद्रांतून जाते. तेल बदलण्यास चालढकल झाली की त्यात गाळ धरतो, चक्र एका जागी अडकते, आणि महागडे इंजिन पुन्हा जुन्या तडजोडीच्या इंजिनासारखे चालू लागते. सिग्नलला उभी असताना गाडी हिसके देते, चढावर दम खाते आणि समोरचा पिवळा दिवा लागतो. पुष्कळदा दोष एखाद्या छोट्या तेल-झडपेचा असतो आणि ती साफ केली वा बदलली की काम भागते. वापरलेली मोटार विकत घेणाराने रंग आणि टायर पाहण्याआधी तेल कधी व कोणत्या प्रतीचे घातले, त्याच्या नोंदी मागून घ्याव्यात.