जुन्या नॅसला निवृत्त करण्याआधी

घरच्या राउटरला जोडलेली जुनी नॅस, म्हणजे नेटवर्कवरून फायली साठवायची पेटी, एके दिवशी संगणकाला दिसेनाशी होते आणि आपण ती भंगारात काढायला निघतो. बरेचदा पेटी ठणठणीत असते. अडचण असते एसएमबी-१ची, म्हणजे फायलींच्या देवाणघेवाणीच्या जुन्या पद्धतीची. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने विंडोजमधल्या एसएमबी-१च्या त्रुटीतूनच जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षापासून विंडोजमधून ही पद्धत टप्प्याटप्प्याने हटवली गेली. ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. कृपा करून ऐकू नका. आधी पेटीचं फर्मवेअर अद्ययावत करा, सेटिंगमध्ये एसएमबी-२ मिळतं का पाहा. नाहीच मिळालं, तर फायलींच्या प्रती काढणारं आरसिंक वापरून बघा. इंटरनेटवरून पेटीपर्यंत येणारी वाट मात्र राउटरवर बंदच हवी.

मग डिस्क. डिस्कच्या तब्येतीच्या ‘स्मार्ट’ अहवालातला ‘रीअलोकेटेड सेक्टर’चा आकडा वाढत असेल, तर खराब जागा सोडून राखीव जागा वापरली जाते आहे. अशी डिस्क लगेच बदला. दोन डिस्कवर एकसारखी प्रत असली, तरी तो बॅकअप नव्हे: चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून एकदमच जातो. दुसरी प्रत सुट्या यूएसबी डिस्कवर ठेवा आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून पाहा.