रहस्यपट : प्रारंभदृश्यमालिका

रहस्यपटाच्या आरंभी येणाऱ्या ज्या सलग दृश्यांतून कथेतील मुख्य प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उत्पन्न केला जातो, त्यांस प्रारंभदृश्यमालिका म्हणतात. श्रेयनामावली तिच्या आधी, तिच्यावरच किंवा तिच्यानंतर येते. पूर्ण लांबीच्या चित्रपटात तिच्यातील उणीव पुढे भरून काढता येते. विद्यार्थ्यांच्या पंधरा-वीस मिनिटांच्या लघुपटात तेवढा अवकाशच नसतो.

प्रथम रहस्य आणि उत्कंठा यांतील भेद ठरवावा लागतो. ऑर्सन वेल्स यांच्या टच ऑफ इव्हिल (१९५८) या चित्रपटाच्या आरंभी मोटारीत बाँब ठेवलेला प्रेक्षकास दिसतो आणि तीन मिनिटांहून अधिक काळ चालणाऱ्या एकाच अखंड शॉटमध्ये ती मोटार गर्दीतून जात राहते. येथे प्रेक्षकास पात्रांपेक्षा अधिक ठाऊक असते. ही उत्कंठा होय. रहस्यात तो पात्राइतकाच किंवा त्याहूनही अधिक अंधारात असतो.

राज खोसला यांचे दोन चित्रपट या दृष्टीने एकत्र अभ्यासण्याजोगे आहेत. वो कौन थी? (१९६४) या चित्रपटात पावसाळी रात्री एका डॉक्टरच्या मोटारीसमोर पांढऱ्या साडीतील अनोळखी स्त्री उभी राहते. काचेवरील वायपर बंद पडल्यावर तीच त्याला रस्ता सांगते आणि कब्रस्तानापाशी उतरते. प्रश्न येथे थेट विचारला जातो. राजा परांजपे यांच्या पाठलाग (१९६४) या मराठी चित्रपटावरून काढलेल्या मेरा साया (१९६६) मध्ये मात्र आरंभी नायकाच्या पत्नीचा मृत्यू दाखविला जातो. त्यात गूढ असे काहीच नाही. परंतु तिच्यासारखीच दिसणारी स्त्री पुढे न्यायालयात त्याची पत्नी असल्याचे सांगू लागते, तेव्हा प्रेक्षक स्वतःच साक्षीदार झालेला असतो. नवशिक्या दिग्दर्शकास पहिली पद्धत मोहात पाडते. दुसरी अधिक टिकाऊ आहे.

यास्तव प्रारंभाची आखणी शेवट निश्चित झाल्यावरच करणे इष्ट. शेवटी उलगडणारा दुवा आरंभी दिसला पाहिजे, पण त्याकडे लक्ष वेधले जाता कामा नये. एखाद्या नित्याच्या कृतीत तो मिसळून टाकावा. स्वप्नातून दचकून जागे होणारे पात्र हा आरंभ फार वापरला गेला असून त्याने प्रेक्षकाचा विश्वास नाहक खर्ची पडतो.

संहितेनंतर प्रत्येक शॉटचे रेखाचित्र काढून चित्रफलक तयार करतात व त्यावरून शॉटची यादी बनवितात. स्थळाची पाहणी चित्रीकरणाच्याच वेळी करावी. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे चित्रपटकलेचे शिक्षण मिळते आणि अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही भरतो. तेथील विद्यार्थ्यास दौलताबाद किल्ल्यातील ‘अंधारी’ हा वळणावळणांचा काळोखी मार्ग रहस्यपटासाठी आयताच वाटणे साहजिक आहे. तथापि तो किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील संरक्षित स्मारक असल्याने तेथे चित्रीकरणास पूर्वपरवानगी लागते. शिवाय शत्रूची वाट चुकविण्यासाठी रचलेल्या त्या मार्गाची ख्याती जाणणाऱ्या प्रेक्षकास धोक्याची सूचना आधीच मिळते. जुन्या शहरातील एखाद्या दरवाजाजवळची निवांत गल्ली, बंद दुकान व एकच दिवा एवढ्यावरही काम भागते.

काळोखाच्या दृश्यात बराच भार ध्वनी उचलतो. पावले, कडी, दूरची रिक्षा हे आवाज चित्रीकरणस्थळीच स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करून ठेवावेत व पार्श्वसंगीत शेवटी योजावे. ते आधी योजल्यास संकलनातील ढिलाई त्याखाली झाकली जाते.